पावसाची छत्री म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पण पावसाचं नाव काढाल तर याद राखा! मी फोटो स्टुडिओतली छत्री आहे.

नागपूरच्या महाल भागात लहानूजींचा स्टुडिओ होता. त्यांनी एका साध्या छत्रीचं काळं कापड उसवलं आणि त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, पांढरंशुभ्र पॉपलिन शिवून मला जन्म दिला. दिव्याचं तोंड माझ्या पोटाकडे असायचं आणि पाठ गिऱ्हाइकाकडे. त्याचा तिखट उजेड मी झेलायची आणि मऊ करून परत समोरच्या चेहऱ्यावर सोडायची. लहानूजी मला चेहऱ्याच्या एका अंगाला, थोडी उंच आणि अगदी जवळ बसवत. म्हणत, "छत्री दूर गेली की उजेडबी रागावते."

एकदा यमुताई आपल्या लेकीला, पुष्पलताला घेऊन आल्या. स्थळासाठी फोटो हवा होता. सावळ्या पोरीला इतकी पावडर थापली होती, की ती पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसत होती!

"तोंड धुऊन ये वं पोरी," लहानूजी म्हणाले. "छत्री हाय न माही!"

ती धुऊन आली, हसली, आणि मी जीव ओतला. तो फोटो रस्त्याकडच्या काचेत लागला. लोक थांबून बघायचे. मी काय फुलले म्हणून सांगू!

पुढे लहानूजींची नजर अधू झाली आणि स्टुडिओ जावयाकडे, रुपरावांकडे गेला. "छत्री पावसाले लागते, फोटोले नाही!" असं म्हणून त्यांनी मला पावसाळाभर स्कूटरच्या सीटवर उघडून ठेवलं. मी! पावसात! माझ्या काड्या गंजल्या, मला उघडी धरणारा खटका गंजला. वर काचेतला पुष्पलताचा फोटो उतरवून तिथे स्वतःचा लावायचं त्यांनी ठरवलं. मी मनात म्हटलं, लाव बाबा, लाव.

उघडा दिवा समोर ठेवून ते ऐटीत बसले. सिंधूताईंना बटण दाबायला लावलं. फोटोत कपाळ तेलकट चकाकलं, गालावरचा खड्डा न् खड्डा दिसला. रुपरावांना मात्र तो फारच रुबाबदार वाटला. मोठ्ठा करून लावला!

दिवाळीत यमुताई आल्या, सोबत पुष्पलता, तिच्या कडेवर बाळ. यमुताई काचेसमोरच थबकल्या.

"काहून गा रुपराव, माही पोरगी काढून हा तेलकट आलूबोंडा कोनाचा लावला?"

अख्खा रस्ता हसला. मी तर पोटभर!

"बाळाचा फोटो काढायचा आहे," पुष्पलता म्हणाली. "पण पांढऱ्या छत्रीच्या उजेडातच. नाहीतर चाललो आम्ही."

रुपरावांनी मला धुतलं, पुसलं आणि नेऊन ठेवलं पार भिंतीपाशी.

"जवळ घ्या, जावईबापू, जवळ!" सिंधूताई ओरडल्या.

मायलेकरावर मी असा उजेड सोडला, की तोच फोटो काचेत लागला. आलूबोंडा उतरला.

सगळे गेल्यावर रुपराव भांग पाडून हळूच माझ्यापुढे बसले. "आता माहाबी एक होऊन जाऊ द्या."

सिंधूताईंनी बटणावर बोट ठेवलं आणि माझा गंजका खटका सुटला. फटकन मिटले मी! उजेड गेला माझ्या मागच्या भिंतीवर. फोटोत नुसता काळोख. ते पुन्हा बसले, मी पुन्हा मिटले. इतरांसमोर मी कधीच मिटत नाही हं!

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, कोरड्या ठेवा. दया म्हणून नको, भीती म्हणून ठेवा. आम्ही बोलत नाही. तुम्ही नटूनथटून समोर बसायची फक्त वाट बघतो.