हितं काय लिवू नका

साळूबाईने ती गोष्ट रत्नाबाईला गिरणीत सांगितली. तोंडावर पदर धरून, पिठाच्या धुरळ्यात, आपला डबा कधी येतोय तिकडे एक डोळा ठेवून. रत्नाबाईच्याच माडीवर राहणाऱ्या पोरीचं म्हणे ऑपरेशन झालंय, पोटातलं काहीतरी काढून टाकलंय, आता मूलबाळ होणं अवघडच.

"मला आता बाई असल्यासारखंच वाटत नाही, आसं म्हणती म्हनं," साळूबाई म्हणाली आणि डबा उचलून निघून गेली.

नेऱ्यासारख्या गावात कोणी कोणाबद्दल काही बोललं तर त्याचं रत्नाबाईला नवल वाटायचं नाही. पण ते वाक्य तिच्या कानात कुसळासारखं अडकलं. साळूबाई असं बोलत नाही. गावातली कुठलीच बाई असं बोलत नाही. कोणीतरी एकटं बसून, मनाशी झगडून लिहावं तसं ते वाक्य होतं.

माडीवरची पोरगी म्हणजे किमया. मूळची लातूरकडची, हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला. रस्त्याकडेचा तुकडा विकल्यावर रत्नाबाईच्या नवऱ्याने, बहिरूने, घरावर माडी चढवून खोल्या काढल्या होत्या, त्यातल्या एका खोलीत ती राहायची. कमी बोलणारी, जिना उतरताना रत्नाबाईला "काकू, येते" म्हणून जाणारी. मधे महिनाभर गावी गेली होती. आली ती वाळून आली. रत्नाबाईने विचारलं तेव्हा कावीळ झाली होती म्हणाली. रत्नाबाईने पुढे खोदलं नाही. बाईमाणूस कावीळ म्हणतं तेव्हा ती कावीळच असते असं नाही, एवढं तिला कळत होतं. आणि सांगायचं नसेल तर विचारायचं नसतं, हेही.

मग हे गिरणीपर्यंत आलं कसं? साळूबाईला तिच्या पुतण्याने सांगितलं होतं, जयसिंगने. आणि जयसिंग दिवसभर बसायचा तो रत्नाबाईच्या पोराच्या, शंभूच्या दुकानात.

दुकान म्हणजे घरापुढची पूर्वीची वैरणीची पडवी. दोन हजार सहा साली शंभूने तिला पत्रे बदलून, फरशी घालून चार कॉम्प्युटर मांडले होते. वर पाटी लावली होती, 'शंभू सायबर कॅफे'. गर्दी असायची. नोकरीचे अर्ज करणारे, गावाकडच्या माणसांना मेल धाडणारे, रविवारी तर नंबर लावावा लागायचा. किमयाही रविवारीच यायची. कंपनीत घरचं मेल उघडायला बंदी होती.

रत्नाबाई गिरणीतून थेट दुकानात गेली. लाइट गेलेली, गिऱ्हाईक एकही नव्हतं. बॅटरीवर एकच कॉम्प्युटर चालू होता आणि त्याच्यापुढे शंभू नि जयसिंग डोक्याला डोकं लावून बसले होते. मधे फरसाणाचा कागद. शंभूने बोटं चाटली आणि त्याच बोटांनी बटणं दाबली. जयसिंग हसला. तिला पाहून तो उठला, घाई असल्यासारखं करून निघून गेला.

तिने पोराला सरळ विचारलं, किमयाचं दुखणं तुला कुठून कळलं. शंभू काही लाजला नाही. उलट एखादं नवं हत्यार दाखवावं तसं त्याने दाखवलं. पुण्याच्या ज्या माणसाने मशिनी बसवल्या त्याने आत एक चीज घालून दिली होती. कोणीही बटण दाबलं की ते अक्षर मशीन मुकाट्याने साठवून ठेवतं. मेल, पासवर्ड, सगळं. गिऱ्हाईक उठून गेलं की निवांत वाचायचं. एकदा पासवर्ड हाती आला की त्यांना आलेली उत्तरंही उघडता येतात. किमया तिच्या बहिणीला लिहायची ते सगळं तिथे होतं, ऑपरेशनच्या आधीपासूनचं.

"आगं, मालकाला नको का म्हाईत, कोन काय करतंय ते?" तो म्हणाला. "उद्या पोलीस आलं मंजी?"

"आन् जयसिंग कोन, पोलीस हाय?"

त्यावर तो नुसता हसला. एक दाणा दातात अडकला होता तो जिभेने काढत बसला. रत्नाबाईने या पोराचं सगळं काढलं होतं. हगवण लागली तेव्हा आठवडाभर त्याची दुपटी-फडकी धुतली होती, वाहतं नाक पदराने पुसलं होतं. कधी किळस आली नव्हती. आता त्याच्या तेलकट बोटांकडे तिला बघवेना. ती बोटं त्या पोरीच्या अंगावरूनच फिरून आल्यासारखी तिला वाटली.

ती घरात गेली. नवऱ्याला सांगू, तो पोराचा कान धरेल, असं तिने ठरवलं. बहिरू तसा करारी माणूस, पूर्वी दोन वेळा सरपंच राहिलेला. संध्याकाळी बापलेक जेवायला बसले. ती तव्यापुढून उठून बोलायला सुरुवात करणार, तोच बहिरूने भाकरी मोडता मोडता शंभूला विचारलं,

"मंग? बहिनीचं काय उत्तर आलं का तिच्या?"

टीव्हीवरच्या मालिकेत पुढे काय झालं, असं विचारावं तसं. शंभूनेही तसंच सांगितलं. बहीण म्हणते लग्नाचं बघू नकोस आता, आधी तब्येत सांभाळ. बहिरू हुं म्हणाला. एवढ्या शिकलेल्या पोरीच्या हातचं चांगलं स्थळ जायला नको होतं, असंही म्हणाला, आणि वाटी पुढे करून कालवण मागितलं.

रत्नाबाईची भाकरी तव्यावर करपली. वास सुटला तरी तिला उलटवायचं भान राहिलं नाही. म्हणजे घरातच रोज हे वाटून खाल्लं जात होतं. आपण वाढत होतो आणि हे चघळत होते. त्या रात्री ती जेवली नाही. बहिरूने कारण विचारलं नाही.

सकाळी किमया कामावर निघायच्या आत ती माडीवर गेली. दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. शब्द नीट येईनात. मशीन सगळं ठेवतं, माझा पोरगा वाचतो, गावात गेलंय, एवढंच तिला जमलं. किमयाला मात्र तेवढंच पुरलं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे, काकू?"

"काल दुपारपास्नं."

"दुपारपासून," किमया म्हणाली. "मी काल संध्याकाळी तुमच्या दारावरून वर आले. तुम्ही ओट्यावर होतात."

नवऱ्यावर भरवसा ठेवला होता, हे सांगायची रत्नाबाईला लाज वाटली.

किमया उठून मोरीत गेली आणि हात धुऊ लागली. साबण लावून धुतले, पुन्हा लावला, पुन्हा धुतले. पाठमोरीच बोलत होती. दर वेळी मी लॉगआउट करायचे, म्हणाली. मागचं सगळं पुसून मग उठायचे. पासवर्ड कोणाला सांगितला नाही, कुठे लिहून ठेवला नाही. मागून कोणी वाचू नये म्हणून खुर्ची भिंतीला लावून बसायचे. रत्नाबाईला त्यातलं बाकी काही समजलं नाही, खुर्चीचं समजलं. पोरगी इतकं अंग चोरून बसत होती आणि तरी उघडी पडली होती.

"पोलिसात जा," रत्नाबाई म्हणाली. "मी सांगंन तितं, माजंच पोरगं हाय म्हनून."

"तिथेही सगळं पुन्हा वाचून दाखवावं लागेल ना? कोणीतरी मोठ्याने वाचणार, कोणीतरी लिहून घेणार." तिने नळ बंद केला. "मला नको."

तिला घाई झाली होती. दुसरीकडून पासवर्ड बदलायला हवा, बहिणीला कळवायला हवं. जाताना ती रोजच्यासारखं "येते" म्हणाली नाही.

रत्नाबाई खाली आली. बहिरूला बोलली, तेव्हा तो म्हणाला, दुकान पोराचं आहे, तू त्यात पडू नकोस, आणि सगळीकडे हेच चालतं. शंभू म्हणाला, कोणाचं काही चोरलंय का मी. त्या दोघांची तोंडं तिला एकसारखी दिसली. तिने कोपऱ्यातलं पोतं उचललं, दुकानाच्या दारात अंथरलं आणि त्यावर बसली.

पहिला आला तो बॅग पाठीला लावलेला कंपनीतला मुलगा. ती म्हणाली, "हितं काय लिवू नका, दादा. माजा पोरगा वाचतो."

त्याला आधी कळलं नाही. आतून शंभू धावत आला, आईचं डोकं फिरलंय म्हणाला. पण त्याचा चेहरा असा काही झाला होता की मुलगा आल्या पावली परत गेला. मग एक बाई आली, लहान मुलीला घेऊन. तिलाही रत्नाबाईने तेच सांगितलं. शंभूने दंडाला धरून उठवायला पाहिलं. ती उठली नाही. रस्त्यावर माणसं थांबायला लागली तसा त्याने हात सोडला.

दुपारी शेजारच्या चांदे गावचा एक गडी आला. ऐकून हसला. आपल्याला काय लपवायचंय, मावशी, म्हणाला. असे बरेच भेटतील, हे तिच्या ध्यानात आलं.

"न्हाई ना? मंग जयसिंगला बोलवू का तुज्या शेजारी बसाया? तू लिही, त्यो मोठ्यानं वाचंल."

गडी दारातच घुटमळला. कोणाचा तरी फोन आल्यासारखं करून निघून गेला.

ती रोज बसायला लागली. सकाळची कामं आटोपून बसायची, तिन्हीसांजेला उठायची. बहिरूने दोनदा शिव्या घातल्या. चार शहाण्या माणसांना पाठवून समजावलं, त्यांनाही तिने तेच वाक्य सांगितलं. साळूबाई येऊन म्हणाली, पोटच्या पोराची अशी अब्रू काढतात का. रत्नाबाई म्हणाली, तूही गिरणीत त्या पोरीची काढलीस, पिठासंगं घरी नेलीस. साळूबाई त्यानंतर पलीकडच्या बोळाने जाऊ लागली.

दिवाळीच्या आत दुकान बसलं. मशिनी विकायच्या ठरल्या तेव्हा रत्नाबाईने किमयाला विचारून तिच्याच कंपनीतल्या एका बाईला बोलावलं. मेधा नाव तिचं. मेधा एकेका कॉम्प्युटरपुढे बसली आणि तिने साठवलेलं सगळं पुसून ती चीजही काढून टाकली. रत्नाबाई दारात उभी होती. शंभू ओट्यावर पाठ करून बसला होता. मेधा उठली, पर्समधून रुमाल काढून बोटं पुसली. तिने चहा घेतला नाही.

किमयाने त्याच आठवड्यात खोली सोडली. तिचं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. रत्नाबाईने गादी खाली आणायला हात लावला. पोरीने नको म्हटलं नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. टेम्पो सुरू झाल्यावर मात्र खिडकीतून म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, काकू." त्यात माया नव्हती. रत्नाबाईलाही ती अपेक्षा नव्हती. टेम्पो बावधनच्या बाजूला वळला की हिंजवडीच्या, हेही तिने पाहिलं नाही. वळणाच्या आधीच ती घरात गेली.

शंभू आता प्लॉट दाखवायचं काम करतो. ती त्याला वाढते, पण त्याच्या ताटाला हात लावत नाही. ताट त्याचं त्याने घासायचं. महिनाभराने जेवता जेवता त्याने सहज विचारलं, ती लातूरची पोरगी कुठे राहायला गेली.

"मी इचारलं न्हाई," रत्नाबाई म्हणाली. "मला ठावं आसतं तर ह्या घरात कळलं आसतं."

बहिरूने कालवणाची वाटी पुढे केली. तिने पातेलं त्याच्यापुढे सरकवलं आणि भाकरी थापायला घेतली.