कुणी न्हाय

सकाळपासून सावित्रम्मेच्या हाताला उसंत नव्हती. थोरल्या शांतम्मेला बघायला मंद्रूपचे पाहुणे येणार होते. पुरण शिजत होतं, ओसरी झाडून झाली होती, आणि धाकटी गौरव्वा नेहमीप्रमाणे ज्वारीच्या कोठीत, बाहेरून कडी लावून, बसवलेली होती. तिचे पाय जन्मापासून लुळे, बोलणं बोबडं. अशी पोर घरात आहे हे कळलं तर थोरलीचं जमायचं नाही, एवढं शहाणपण सोलापुरातल्या त्या चादरवाल्याच्या घरात सगळ्यांनाच होतं!

मागच्याच आठवड्यात बनाबाई नावाची एक कार्यकर्ती दारात आली होती. "अपंग लेकरांसाठी परदेशातली संस्था हाय, हितं नवी शाखा काढलीया. तुमच्यात कुणी हाय का?"

"आमच्यात कुणी न्हाय की," सावित्रम्मा म्हणाली होती. तेव्हा आतून बारीकसा आवाज आला होता. तिनं घाईघाईनं दार लावून घेतलं होतं.

पाहुणे पानावर बसले आणि कोठीत काहीतरी धपकन पडलं. मुलाच्या आत्यानं कान टवकारले. "आत कोण हाय वो?"

"कुणी न्हाय," सावित्रम्मेचा नवरा गुरुलिंग हसत म्हणाला.

"ओ!" कोठीतून आनंदानं आवाज आला.

सावित्रम्मेला एकदम उमगलं. दारी येणाऱ्या प्रत्येकाला घरच्यांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं होतं. कडीआडच्या पोरीनं "कुणी न्हाय" हेच आपलं नाव धरलं होतं. कुणीतरी हाक मारली, म्हणून ती ओ देत होती.

"मांजर असंल," गुरुलिंग पुटपुटला.

"मांजर ओ देतं व्हय?" आत्या म्हणाली.

सावित्रम्मा उठली. नवऱ्यानं डोळे वटारले, पण तिनं कडी काढलीच. "माजी लेक हाय ती. धाकटी."

शांतम्मेनं हातातलं तबक खाली ठेवलं आणि बहिणीला उचलायला ती आत गेली. पाहुणे भरल्या पानावरून उठले. सोयरीक मोडली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी गौरव्वेला घेऊन बनाबाईकडे गेल्या. शाखा म्हणजे भाड्याची एकच खोली. तिथल्या एडिथबाईंनी मोडक्यातोडक्या मराठीत संस्थेचं मूळ सांगितलं. त्यांच्या भावालाही घरच्यांनी माडीवर कोंडलं होतं. तो गेल्यावर आईनं तीच खोली गल्लीतल्या अपंग मुलांसाठी उघडली. तिथून संस्था देशोदेशी पसरली. ऐकताना सावित्रम्मा ढसाढसा रडली. सातासमुद्रापलीकडेही कडी तीच होती.

गौरव्वा त्याच हिवाळ्यात गेली. कोठीतल्या कोंदट हवेनं तिची छाती कधीच पोखरली होती. "गौरव्वा" म्हणून आई किती हाका मारी, पण पोर दुसऱ्याच कुणाला शोधल्यासारखी इकडंतिकडं बघे. त्या नावाला तिनं शेवटपर्यंत ओ दिली नाही.

सत्तरचं दशक सरता सरता कुर्डुवाडीला, नातेपुत्याला शाखा निघाल्या. शांतम्मा तिथल्या मुलांना शिकवू लागली. सावित्रम्मा बनाबाईबरोबर घरोघर हिंडते. त्या दिवशीची "ओ" अजून तिची पाठ सोडत नाही. कुणी दारातूनच "आमच्यात कुणी न्हाय" म्हणालं, तर ती उंबऱ्यावरून हलत नाही.

"जरा मोठ्यानं म्हणा की," ती म्हणते, आणि आतल्या बंद दाराकडे कान लावून उभी राहते.