मौनाची पाटी

उपेंद्ररावांनी मौनाची पाटी गळ्यात अडकवली, तेव्हा काकडी किसता किसता विद्याताईंचा हात थांबला. पाटी गुरुवारची. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातून मुद्दाम लॅमिनेट करून आणलेली, मराठीत आणि कानडीत ‘आज मौन’ लिहिलेली.

“आज शनिवार आहे,” त्या म्हणाल्या.

उपेंद्ररावांनी डोळे मिटून मान हलवली, जपमाळ घेतली आणि देवघरात जाऊन बसले. दार मात्र अर्धंच लोटलं.

कारण विद्याताईंना ठाऊक होतं. सकाळीच धाकट्या दिराचा, बिंदुमाधवचा पुण्याहून फोन आला होता. त्याचा श्रीहर्ष इथेच एचएसआर लेआउटला नोकरीला. त्याच्यासाठी बेंगळुरूतल्याच एका जुन्या मराठी घरातली संहिता सांगून आली होती आणि तिची आई, अहल्याबाई, आज चौकशीला यायची होती. श्रीहर्षचं दोन वर्षांपूर्वी एक लग्न झालं होतं, आठ महिन्यांत मोडलंही होतं. बिंदुमाधवला ते मुलीकडे कळू द्यायचं नव्हतं. “दादा, तू खोटं बोल असं मी म्हणतच नाही,” तो म्हणाला होता. “तू फक्त काही बोलू नकोस. वहिनी बघतील.”

वहिनी बघतील! अकरा वर्षं वहिनीच बघत होती. निवृत्त झाल्यावर उपेंद्ररावांनी असत्य न बोलण्याचं व्रत घेतलं. खरं बोलणं हीच साधना, असं ते इथल्या मराठी मंडळाच्या सत्संगात सांगत आणि लोक माना डोलवत. घरात लागणारं खोटं मात्र तेव्हापासून सगळं विद्याताईंच्या वाट्याला आलं. नकोसा फोन आला की “ते आंघोळीला गेलेत” हे त्यांनी म्हणायचं. फोन करणाऱ्यांच्या हिशेबाने उपेंद्रराव दिवसातून चार वेळा आंघोळ करत. सोवळ्यातल्या माणसाला काही शिवायचं नसतं, म्हणून ओवळ्याची कामं दुसऱ्याने करायची, तशातली गत. करून सवरून हे नामानिराळे.

अहल्याबाई अकराला आल्या.

“स्वल्प पाणी द्या अक्का, ऊन फार आहे. अण्णा कुठं?”

“देवघरात. मौन आहे त्यांचं.”

“असू दे, असू दे.” अहल्याबाईंनी देवघराच्या दिशेने हात जोडले. पाणी पिऊन पेला हातातच धरून बसल्या. “चौकशी चार ठिकाणी केली आम्ही. मुलगा चांगला म्हणतात सगळे. पण सगळ्यांचं काय धरायचं? ह्या घरात खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या मंडळाला ठाऊक. म्हणून आले. संहिताचे बाबा गेले, मला विचारायला दुसरं कोण आहे?” त्या जरा पुढे सरकल्या. “मुलाचं आधी कुठं काही झालेलं नाही ना, अक्का?”

देवघरातल्या मण्यांचा आवाज थांबला.

‘नाही हो, अगदी सरळ मुलगा,’ हे वाक्य विद्याताईंनी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. ते ओठांवर आलंही. आणि त्यांना एकदम भयंकर राग आला. ही बाई आली होती ती नवऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवून, आणि तोच नवरा आत कान टवकारून बसला होता, बायको कधी खोटं बोलते याची वाट बघत.

“झालं होतं,” त्या म्हणाल्या. “लग्न झालं होतं त्याचं. आठ महिन्यांत मोडलं, कोर्टाचे कागदही झालेत. मुलगा वाईट नाही. पण तुमच्यापासून लपवायचं ठरलं होतं.”

अहल्याबाईंनी पेला टीपॉयवर ठेवला. पर्सचा बंद उगीचच दोनदा उघडला, लावला.

“सरी, ठीक आहे,” म्हणत त्या उठल्या.

दाराशी चपला घालताना त्यांनी विद्याताईंचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं. “अण्णांना नमस्कार सांगा. त्यांचं व्रत साऱ्या घराला लागलंय बघा.”

विद्याताईंना हसावं की रडावं कळेना. लिफ्ट खाली जाते न जाते तोच उपेंद्रराव तरातरा बाहेर आले.

“काय गरज होती सांगायची?”

विद्याताईंची नजर पाटीवर गेली. घाईघाईत पाटी छातीवर उलटी झाली होती.

“बिंदूला आता मी काय तोंड दाखवू? मी होतो ना गप्प? तू एक शब्द निभावून न्यायचा होतास. व्रत माझं आहे, तुझं नाही!”

फोन वाजला. पडद्यावर बिंदुमाधवचं नाव आलं. उपेंद्रराव दोन पावलं मागे सरले. त्यांनी पाटी सुलटी केली आणि तिच्यावर बोट ठेवून विद्याताईंना दाखवली.

विद्याताईंनी फोन उचलला.

“आहेत ना, भाऊजी. समोरच उभे आहेत,” त्या म्हणाल्या. “नाही, आंघोळ केव्हाच झाली. मौनही आत्ताच सुटलं. देते हं.”

आणि त्यांनी फोन पुढे केला.