एकाच पत्त्याची दोन यंत्रं

त्या सकाळी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. रोज वर्तमानपत्रात नाक खुपसून बसणारेसुद्धा चष्मे सावरत उभे होते. मधोमध संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. त्यांना सगळे ‘महाराज’ म्हणत. आमच्या दोन्ही संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टम त्यांनीच टाकली होती आणि तेव्हापासून इंटरनेट सारखं रुसत होतं.

“ते दुसरं यंत्र बंद करा! एका जागी दोन शक्ती नांदत नाहीत.” महाराजांनी वायरीवरून हात फिरवला, काहीतरी पुटपुटले, आणि पडद्यावर पान झरकन उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले.

“मग रोज बंद का पडतं?” अध्यक्षांनी विचारलं.

महाराजांनी ग्रंथपाल बाईंकडे बोट दाखवलं. “या आपलं यंत्र लावतात आणि नाडी तुटते. सावली जड आहे यांची.”

बाईंचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. “तरीच!” मागून कुणीतरी म्हणालं. अध्यक्ष खाली बघत म्हणाले, “बाई, उद्यापासून येऊ नका.”

बाई माझ्याकडे वळल्या. “काका, तुम्ही तरी बोला ना.”

महाराज दर वेळी दुसरं यंत्र बंद करायला लावतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला शंका येते ती आधी स्वतःबद्दलच. मी मिठाची गुळणी धरून बसलो.

बोलली ती पुस्तक बदलायला आलेली माझी थोरली बहीण. जन्मभर तिने गणित शिकवलं, शेवटी शेवटी संगणकही.

“बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा. महाराज, आता त्यांचं यंत्र तुमच्या पुण्यवान हातांनी लावा.”

“आज योग नाही, आक्का.”

“बटण दाबायला कसला योग? दाबा!”

त्यांनी दाबलं. थोड्याच वेळात दोन्ही पडदे अडकले.

“अगंबाई! महाराजांचीही सावली जड?” आक्का म्हणाली, तसे लोक खो खो हसले.

आक्काने दोन्हीकडे नेटवर्कच्या सेटिंग उघडल्या. दोन्हीकडे पत्ता एकच! “एका यंत्राची हुबेहूब नक्कल दुसऱ्यावर उतरवली आणि पत्ता बदलायचा कंटाळा केला. गल्लीत दोन घरांना एकच क्रमांक दिलात, तर पोस्टमनने काय करायचं?”

तिने एका यंत्राच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला. दोन्ही यंत्रं सुरळीत चालू लागली. महाराज पिशवी उचलून गेले, तेव्हा कुणी वाट अडवली नाही की नमस्कारही केला नाही.

अध्यक्षांनी बाईंची माफी मागितली. बाई आपल्या खुर्चीवर बसल्या. मी पुस्तक परत करायला गेलो, तर त्यांनी ते घेतलं, पण मान वर केली नाही.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: तो घडवताना दुसरं काय बंद करायला लावलं होतं? प्रश्न अवघड नाही. तो मलाही सुचला होता.