बेल्जियमहून न आलेली सम

बाबांची ढोलकी गेली. म्हणजे ढोलकी घरातच आहे, सोफ्यामागे उभी. गेला तो वाजवायचा मान. शारजातल्या अल नहदाच्या आमच्या भजनी मंडळात इतकी वर्षं तो बाबांकडे होता, आता नीरवच्या मोबाइलमधल्या एका ॲपकडे आहे. पण हे मी आत्ता बोललोच नाही असं समजा. आमच्या घरात सगळे तसंच समजतात, तुम्ही उगाच वेगळे पडायला नको.

तर बाबा मंडळाचे ढोलकीवाले आहेत, आणि आई गणपती बसवायला टेबल शोधते आहे.

दुबईत देरामध्ये अन्वरकाकांचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. काका दापोलीचे. युरोपात म्हातारी माणसं वारली की त्यांची कपाटं कंटेनरमध्ये बसून दुबईला येतात, आणि आमच्यासारखे लोक त्यांत डाळीचे डबे ठेवतात. आईने एक लांबट, चकचकीत लाकडी पेटारा पसंत केला. वरचं झाकण उचललं की आत रेकॉर्ड प्लेअर.

"बेल्जियमवरनं आलाय, वहिनी," काका म्हणाले. "दोनशे दिरहम."

"म्हणजे साडेचार हजारांच्या वर," बाबा म्हणाले.

"अहो, गणपती बसणार आहे त्यावर. त्याच्यासमोर भाव करू नका."

"अजून बसला नाहीये तो."

"बसल्यावर केला असतात का?"

काका आईच्या बाजूने हसले आणि बाबांच्या बाजूने पन्नास दिरहम कमी केले. "यल्ला, न्या. पण मोदकाला मला बोलवायचं."

घरी आणून पुसताना आत एक रेकॉर्ड सापडली. कव्हरवर ओसाड शेत, शेतात खुर्ची, खुर्चीवर टाकलेला ओला कोट. माणूस नाही. माझी बहीण आभा नववीत आहे. मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते आणि शाळेत फ्रेंच शिकते, त्यामुळे तिच्याशी घरात कोणाचं फारसं बोलणं होत नाही. पण त्या दिवशी तिचा उपयोग झाला.

"इट सेज, द इन्क्वायरी ऑफ द वेट कोट," ती म्हणाली.

"ओल्या कोटाची चौकशी," मी बाबांसाठी मराठी केलं.

"कोणी केली?"

"पाच बेल्जियन लोकांनी."

नेटवर शोधल्यावर कळलं की हा बेल्जियमचा प्रायोगिक, अवांगार्द, प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम आहे. एवढी विशेषणं आमच्याकडे फक्त वधू-वर सूचक मंडळात लावतात. मी प्रोग्रेसिव्ह रॉक आवडीने ऐकतो, पण याचं नाव मीही ऐकलेलं नव्हतं. बाबांना विशेषणांत रस नव्हता. ते कव्हरच्या मागे वाद्यांची नावं वाचत होते, आणि एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

"हार्मोनियम आहे."

"बाबा, हे रॉक आहे."

"पेटी कशाला लागते रॉकला? पेटी आहे म्हणजे भजनच असणार. त्यांच्याकडचं."

दुसऱ्या बाजूला एकच गाणं होतं. नाव, 'चौकशी पुढे चालू'. ते पहिल्या बाजूच्या पुढचं आहे हे ओळखून बाबांनी तेच आधी लावलं, कारण भजनात महत्त्वाचं सगळं शेवटीच येतं. सुई चालत होती, हे अन्वरकाकांनाही माहीत नसावं.

आधी नुसता पेटीचा एक सूर आला, मंद गॅसवर ठेवल्यासारखा. मग ड्रम आले, चपला बाहेर काढून. मग बॅसून नावाचं लांब लाकडी वाद्य, म्हणजे जुनं दार कोणीतरी अतिशय मनापासून उघडत असावं तसं. गाणारा कोणी नव्हता. मध्येच एक बाई फ्रेंचमध्ये काहीतरी विचारत होती आणि तिला उत्तर म्हणून व्हायोलिन कण्हत होतं.

बाबांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटं मोजायला घेतली.

"अकरा," थोड्या वेळाने ते म्हणाले. "आता तेरा. परत अकरा. फिरतायत, फिरू दे. समेवर येतीलच."

तालात कुठेही भटकलं तरी शेवटी समेवर येऊन टेकायचं असतं, यावर बाबांचा जेवढा विश्वास आहे तेवढा बँकेवर नाही. गाणं चढत गेलं. पेटी, ड्रम, दार, बाई, सगळे एकाच दिशेने धावू लागले. बाबांनी सम घ्यायला उजवा हात उचलला. आणि गाणं थांबलं. सुई बाजूला झाली. हात वरच राहिला.

"काय झालं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"संपलं."

"मग हात खाली घ्या आणि जेवायला बसा."

"सम आली नाही, सुचित्रा."

"येईल उद्या. आमटी गार होतेय."

उद्या आली नाही. परवाही नाही. बाबा रोज ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी तीच बाजू लावायचे. बेल्जियन लोक ऐन वेळी विचार बदलतील, अशी काहीतरी त्यांची कल्पना असावी.

शारजाहून दुबईला जाणारा रस्ता सकाळी इतका तुंबतो की त्यात एखादी पदवी घेऊन होईल. मी बाबांच्याच गाडीतून ऑफिसला जातो. ते स्टिअरिंगवर अकरा वाजवायचे, गिअरवर तेरा.

"मला आधी वाटलं, चुकलेत," एकदा ते म्हणाले. "पण चुकणारा माणूस घाबरतो रे निखिल. हे घाबरत नाहीत."

"मग काय करतात?"

"येतो म्हणतात, आणि येत नाहीत. शांतपणे."

मागच्याने हॉर्न दिला. बाबांनी तोही मोजला.

मंडळाची तालीम शेजारच्या टॉवरमध्ये, बाबाजी परुळेकरांच्या घरी असते. बाबाजी अध्यक्ष, आणि गातातही तेच. अभंग सुरू झाला. टाळ सुरू झाले. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो बाबा झोपेतही वाजवतात, आणि आईच्या मते वाजवतातच. पण त्या दिवशी आठ झाल्यावर त्यांचा हात पुढे निघाला. नऊ, दहा, अकरा. बाबाजी समेवर पोचले तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. सुजाताकाकूंचा टाळ एकटाच वाजला आणि त्या ओशाळल्या.

"सूर्यकांतराव, सम कुठे आहे?" बाबाजींनी विचारलं.

"येतेय," बाबा म्हणाले.

"कुठवर आली?"

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसं सांगता नाही येणार."

नीरव शहा आमच्याच टॉवरमधला चार्टर्ड अकाउंटंट. त्याने फार नम्रपणे फोन काढला आणि एक बटण दाबलं. ठेका सुरू झाला, स्वच्छ, न दमणारा, इस्त्री केल्यासारखा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं नाही.

"चतुर्थीला तुमच्याकडेच भजन आहे," बाबाजी म्हणाले. "तोवर हात जाग्यावर आणा. नाहीतर हे यंत्र आहेच."

घरी येताना लिफ्टमध्ये बाबा मजल्यांचे आकडे बघत राहिले. ते दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या एसीच्या नळ्यांची ड्रॉइंग्ज तपासतात. ती माणसं त्यांना ओळखत नाहीत, थंड हवा खातात आणि झोपतात. आठवड्यातून एकदा मात्र खोलीभर माणसं त्यांच्या हाताकडे बघून श्वास घेतात. हे ॲपला देऊन टाकायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. लिफ्टलाही कळलं असावं, ती उगाच चौथ्यावर थांबली.

मग बाबांनी मनावर घेतलं. ढोलकीवर टॉवेल टाकून ते रोज आठ मात्रा घोटायला लागले. आईने गणपती दोन दिवस आधीच आणून, झाकून, त्या पेटाऱ्यावर ठेवला. आता झाकण उघडायची सोय राहिली नाही. तिने हे ठरवून केलं का, असं कोणी विचारलं नाही.

चतुर्थीच्या संध्याकाळी हॉल भरला. अन्वरकाका कबूल केल्याप्रमाणे मोदकाला आले आणि सोफ्याच्या टोकाला बसले. नीरवही आला, फोन खिशात, पण पूर्ण चार्ज केलेला.

बाबांनी सुंदर वाजवलं. एकेक अभंग येत होता आणि आपल्या समेवर अलगद उतरत होता, पार्किंग मिळाल्यासारखा. बाबाजींचा चेहरा सैल झाला. आई दारातून बघत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की सगळं नीट होणार.

शेवटचा अभंग. लय चढली, टाळ चढले, सुजाताकाकूंनी डोळे मिटले. सगळे एकाच दिशेने धावू लागले. बाबांनी सम द्यायला उजवा हात उचलला. आणि ठेवला. वरच.

सगळे थांबले. टाळ हवेत उघडे राहिले. आता सम पडणार म्हणून कोणी श्वास सोडत नव्हतं. एसीचा आवाज ऐकू आला. खाली एका डिलिव्हरीवाल्याची बाइक लांब जाताना ऐकू आली. समईची एक ज्योत हलली आणि स्थिर झाली. मी इतकी वर्षं त्या हॉलमध्ये राहतो, पण तिथे एवढी माणसं एवढी मन लावून कधी बसलेली पाहिली नव्हती. बाबांच्या चेहऱ्यावर जराही भीती नव्हती.

"खलास?" अन्वरकाकांनी हळूच विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "आहे अजून."

"आय थिंक आय गेट इट," आभा कुजबुजली. ती रडत नव्हती, पण तिने फोन खाली ठेवला होता.

मग बाबाजींनी घसा खाकरला, आईने घाईघाईने आरती उचलली, आणि सगळे मोकळे झाले. मोदक चांगले झाले होते. ढोलकीविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे सगळं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला की ढोलकीची जबाबदारी तात्पुरती नीरवभाईंच्या ॲपकडे देण्यात येत आहे. खाली चौदा नमस्कार आणि एक फूल. बाबांनी तो वाचला, चष्मा पुसला, आणि मला लॅपटॉप घेऊन बसायला सांगितलं. मी ऑफिसात दिवसभर अर्जच लिहितो. मजकूर त्यांचा, 'सबब' माझं.

प्रति,
माननीय अध्यक्ष, भजनी मंडळ, अल नहदा, शारजा.

विषय: प्रलंबित समेबाबत.

महोदय, गणेशचतुर्थीच्या सायंकाळी माझ्या राहत्या घरी झालेल्या भजनात अखेरच्या अभंगाची सम मी दिली नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र ती नाकारलेली नसून केवळ द्यावयाची राहिली आहे. सबब, सदर अभंग अद्याप चालू आहे असे मंडळाने अधिकृतरीत्या मानावे. चालू अभंगात ढोलकीवादक बदलता येत नाही हे लक्षात घेऊन माझी जागा कायम ठेवावी. आणि त्या सायंकाळी उपस्थित असलेल्या सर्व सभासदांनी, जे यापुढे कायमचे भारतात परत जातील त्यांनीसुद्धा, माझ्याकडून सूचना मिळेपर्यंत आपापले टाळ हातात उघडे धरून राहावे, ही नम्र विनंती.