पुढचं दार

कोर्टात ज्युरी म्हणून बसायचं बोलावणं आलं तेव्हा नवरा म्हणाला, "सांग, अंगावर पिणारं पोर आहे. सोडतील." मी सांगितलंही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मध्ये मध्ये थांबत जाऊ. दूध काढायला लेखनिकाची खोली रिकामी करून देते." बाळाला, मायलोला, घरी सासूबाईंजवळ ठेवलं, आणि दिवसभर मला कोर्टात त्याचं रडणं ऐकू येत राहिलं.

दावा कोराचा होता. वय माझ्याएवढंच. भाड्याच्या घराची मागची लाकडी पायरी कुजलेली होती. जानेवारीत कडेवर बाळ घेऊन उतरताना ती मोडली. बाळ वाचलं, कोराचा घोटा मात्र कायमचा गेला. उभ्यानं करायचं बेकरीतलं कामही गेलं. घरमालक लेस्टर, म्हातारा, नीटनेटका. त्याच्या वकिलाचं म्हणणं एवढंच: पायरी कच्ची आहे हे बाईंना ठाऊक होतं, तक्रार त्यांनीच केली होती. मग पुढच्या दारानं का गेल्या नाहीत?

आमच्या आयोवा राज्यातला कायदा असा, की चूक दोघांत शेकड्यात वाटायची आणि कोराचा वाटा निम्म्याहून जास्त निघाला तर तिच्या हाती काहीच नाही. वाटणी करणार आम्ही आठ जण.

त्यातल्या ओर्विलची मला भीती वाटत होती. डुकरं पाळणारा, सत्तरीचा. ज्युरी निवडायच्या वेळी कोराच्या वकिलानं विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला होता, "हल्ली कुणाला शिंक आली तरी दावा ठोकतात, असं माझं मत आहे."

"मग निष्पक्ष राहाल?"

"पुरावा संपेपर्यंत तोंड बंद ठेवीन. पुढचं पुढे."

तरी त्याला ठेवला. का, देव जाणे.

शेवटी आम्हाला खोलीत बसवलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता, प्रत्येकाला घरी पोचायची घाई. आमची प्रमुख ग्रेचेन, निवृत्त शिक्षिका. ती म्हणाली, "भांडत बसण्यापेक्षा प्रत्येकानं कोराचा वाटा चिठ्ठीवर लिहा. बेरीज करून सरासरी काढू, तोच निकाल. कबूल?"

सगळे कबूल. मी पन्नास लिहिलं. म्हणजे कुणाच्याच वाटेला जायला नको. सरासरी आली बावन्न.

ग्रेचेननं पेन उचललं. कोराला काहीच मिळणार नव्हतं, आणि खोलीत लोक कोट चढवायला लागले होते.

"थांबा," ओर्विल म्हणाला. "न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं होतं, सरासरीनं ठरवायचं नाही."

"तुम्हाला तर हेच हवं होतं ना?" कुणीतरी टोमणा मारला.

"मी नव्वद लिहिलं. माझ्या नव्वदानं या पोरीसारख्यांचे कमी आकडे खाल्ले." त्यानं माझ्याकडे मान हलवली. "डुकरांच्या वजनाची सरासरी काढतात. ती बाई हरायची असेल तर माझं बोलणं ऐकून, पटून हरू दे. असं नको." त्यानं चिठ्ठ्या गोळा करून फाडल्या. "काढा कोट."

मग एकेकाला बोलावं लागलं. माझी पाळी आली तेव्हा घराचे अपघाताच्या दिवशीचे फोटो पुन्हा हातात घेतले, बोलायला आधार म्हणून. पुढच्या दाराच्या फोटोत कडेनं एक चकाकी होती, वर बारीक सुरकुत्या.

"हे प्लास्टिक आहे," मी म्हणाले. "थंडीचं, वारा आत येऊ नये म्हणून लावतात ते. चारी बाजूंनी चिकटवलेलं."

"असेल की. सगळेच लावतात," ग्रेचेन म्हणाली.

"कुणी लावलं पण? लेस्टर साक्षीत म्हणाला ना, दर हिवाळ्याआधी सगळी घरं मी स्वतःच्या हातानं बंद करतो."

ओर्विलनं चष्मा लावून फोटो डोळ्यांशी नेला. मग विचारलं, "इथं बसलेल्यांपैकी कुणी नोव्हेंबरपासून आपलं पुढचं दार उघडलंय?"

कुणीच नाही. आम्ही सगळे मागच्या दारानं ये-जा करणारे. म्हणून तर आठ जणांनी तो फोटो पाहिला आणि एकालाही ते बंद दार दिसलं नाही.

"म्हणजे जायला एकच वाट ठेवली, आणि तीही कुजकी," ओर्विल म्हणाला. "मी नव्वद मागे घेतो. पण बाळ घेऊन उतरताना तिनं कठडा धरायला हवा होता, हे मी सोडणार नाही."

त्यावर आम्ही अंधार पडेपर्यंत भांडलो. चुकीचे शेकडा वीस कोराच्या वाट्याला आले, ऐंशी लेस्टरच्या, आणि ते आकडे आठही जणांचे होते.

निकालानंतर लेस्टरच्या वकिलानं प्रत्येकाला वेगळं विचारायला लावलं: हा तुमचा निकाल आहे का? ओर्विल आणि लेस्टर एकाच चर्चमधले. हे दोघांनी आधीच सांगितलं होतं. ओर्विल उठला, लेस्टरकडे बघतच म्हणाला, "हो, माझाच." कोरा काठीवर हात ठेवून रडत होती. माझ्या पाळीला माझंही 'हो' नीट निघालं.

घरी आले तर मायलो झोपला होता. मी कोटासकटच आमच्या पुढच्या दाराचं प्लास्टिक सोलायला लागले.

"अगं, गारठा येईल," सासूबाई म्हणाल्या.

"जाड पडदा लावते. दार उघडायला हवं."

त्यांनी दुसरं टोक धरलं.