चांदणीचा नाच

जहांगीरने आपल्या चांदणी घोडीचं खोगीर धुऊन, तेल लावून खुंटीला टांगलं, तेव्हाच चौकात सांगून टाकलं होतं, "आते हिना पाठवर कोनी बठाव नही. समदा नवरदेव फटफटीवर जा!"

शिरपूरच्या गुरांच्या डॉक्टरने घोडीचा पुढचा उजवा पाय चाचपून मान हलवली होती. सांधा गेला म्हणे. पंधरा वर्षं बिचारीने नवरदेव मिरवले. कोणी पोट सुटलेले, कोणी प्यालेले. त्यांची पोरं शाळेत गेली आणि हिच्या वाट्याला सुजलेला पाय आला. जहांगीर रोज कोमट तेलाने तो पाय चोळायचा. त्याची बायको हमीदा म्हणायची, "मनी कंबर कधी चोळी का अशी?"

पण आक्काबाईपुढे कोणाचं चाललंय! नातवाच्या, प्रशीलच्या लग्नासाठी म्हातारी काठी टेकत दारात हजर.

"आक्का, तिना पाय दुखस."

"मंग बठाडू नको! नुसती सजाडीसन पुढे चालू दे, बुद्ध विहारपावत. प्रशीलना मोठा भाऊ हिनावरच मिरवना व्हता. घोडी नही ते ती वरात का मयत?"

जहांगीर विरघळला. तिथंच गड्याचं चुकलं.

वरात निघाली, ढोल सुरू झाला. चांदणीने दुखरा पाय टेकवला आणि झटक्याने वर घेतला. पुन्हा टेकवला, पुन्हा वर. ढोलवाल्याने तोच ठेका धरला.

"अरे, घोडी नाची राहिनी!" कोणीतरी ओरडलं.

झालं! शिट्ट्या काय, मोबाईल काय! नवरदेवाकडे कुत्रं बघेना. इतकी वर्षं सरळ चालली तर कोणी शाबास म्हटलं नाही, आणि लंगडली तर केवढं कौतुक!

"नाचत नही रे, लंगडी राहिनी!" जहांगीर घसा फोडून सांगत होता. त्या गोंगाटात लोकांना वाटलं, हाही गाऊ लागला. शेवटी त्याने लगाम वळवला आणि अर्ध्या वाटेवरून तिला घरी आणलं. येताना मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसले. लोक म्हणाले, भाव खातोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काबाई पुन्हा अंगणात. "राकेशनं बी लगीन ठरनं रे! धाकल्या नातूले तीच घोडी पाहिजे. काय नाचनी, माय वं!" असं म्हणत ती एकेक पाय ओढत, कण्हत पुढे आली.

जहांगीर चांदणीचा पाय चोळता चोळता म्हातारीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आक्का, तुम्ही बी नाची राहिन्यात का?"

"मेल्या, मना गुडघा दुखस..." म्हणता म्हणता म्हातारी थांबली. तिने चांदणीकडे पाहिलं. घोडी पाय अधांतरी धरून चारा खात होती.

आक्काबाई चांदणीजवळ आली. मग काठी बाजूला टाकून खाली बसली.

"सरक तिकडे. दे ती तेलनी वाटी."

"लागनी आखो एक चोळाले!" हमीदा दारातून म्हणाली.

"आणि राकेशनं काय, आक्का?" जहांगीरने विचारलं.

"जाई पायी," म्हातारी तेल चोळत म्हणाली. "त्याना पाय ते धड शेतस."